पहारेकऱ्यावर पहारा

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत एक वयोवृद्ध माजी विद्यार्थी आले. नातवाच्या कामासाठी त्यांना स्वतःच्या जुन्या नोंदीचा उतारा हवा होता: जन्मतारीख आणि मातृभाषेच्या रकान्यातील ‘मराठी’ हा शब्द. सीमाभागात त्या रकान्याचे मोल काय असते, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. जुनी जनरल रजिस्टरे वाळवीच्या तोंडी पडत चालल्याने आम्ही त्यांच्या पानांची छायाचित्रे संगणकात साठवीत होतो आणि दर रात्री त्यांची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर आपोआप उतरावी, अशी व्यवस्था केली होती. नेमकी त्याच आठवड्यात पहिली डिस्क बिघडली. दुसरी उघडून पाहतो, तो शेवटची प्रत तेवीस दिवसांपूर्वीची! त्या तेवीस दिवसांत टिपलेल्या पानांतच या गृहस्थांचे पान होते. मूळ कागदावर जन्मतारीख शिल्लक होती. मातृभाषेचा रकाना वाळवीने नेला होता.

तेवीस दिवस संगणक चालू होता, पडदा उजळत होता, कोणाची तक्रार नव्हती. मग काम बंद पडले कसे?

आमचा संगणक लिनक्सवर चालतो. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी जी युनिक्स प्रणाली रचावयास घेतली, तिच्याच वळणाची ही प्रणाली. हिच्यात पडद्यावर न दिसता अखंड राबणाऱ्या सेवा असतात. त्यांना ‘डीमन’ म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीतील संशोधकांनी रूढ केले. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेला, रेणूंची निवड करीत बसणारा अदृश्य द्वारपाल त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दैत्य हा अर्थ येथे अभिप्रेत नाही. आपल्या वेशीवरच्या क्षेत्रपालाशी त्याचे नाते अधिक जवळचे. यांपैकी ‘क्रॉन’ नावाची सेवा म्हणजे शाळेची घंटा देणारा शिपाईच. ती दर मिनिटाला आपली यादी पाहते आणि ज्याची वेळ झाली ते काम सुरू करून देते. आमच्याकडे हा क्रॉनच निमूटपणे मरून पडला होता. घंटाच होईना, तर तास कोठून सुरू व्हावा?

अशा सेवांना उठवणारा कोणी नसतो असे नाही. संगणक सुरू होताच ‘इनिट’ नावाची पहिली प्रक्रिया जन्मास येते. तिचा अनुक्रमांक एक. युनिक्सच्या जुन्या परंपरेत तिच्या यादीत एखाद्या कामापुढे ‘रीस्पॉन’, म्हणजे ‘मेल्यास पुन्हा उभे कर’, असा शब्द लिहिता येई. २०१० पासून प्रचारात आलेल्या ‘सिस्टिमडी’तही अशी आज्ञा देता येते. आमच्या जुन्या मांडणीत क्रॉनपुढे ती आज्ञा नव्हती, एवढाच आमचा प्रमाद.

तथापि नुसते उठवीत राहणे म्हणजे उपचार नव्हे. डिस्क भरल्यामुळे मेलेली सेवा उठवली, तरी ती पुन्हा मरणारच. म्हणून लिनक्सवरील जुना इनिट दोन मिनिटांत दहाहून अधिक वेळा कोसळणाऱ्या कामास पाच मिनिटे बाजूस ठेवी. सिस्टिमडीचा मूळचा नियम असा, की दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झाल्यावर थांबावे आणि ‘अयशस्वी’ अशी नोंद करावी. पुढचे काम माणसाचे.

याहून कठीण प्रसंग म्हणजे सेवा मेलेली नसते, पण कामही करीत नसते. प्रक्रियेचा क्रमांक यादीत आहे, एवढ्यावर समाधान मानणारा पहारेकरी फसतो. कधी तर मेलेल्या प्रक्रियेचा क्रमांक पुढे भलत्याच प्रक्रियेला मिळतो आणि पहारेकरी तिलाच जुनी समजून निर्धास्त राहतो. हजेरीपटावर सही आहे म्हणून वर्गात शिकवणे चालले आहे, असे कोणता मुख्याध्यापक मानील? म्हणूनच ‘मॉनिट’सारखा कार्यक्रम सेवेचे दार प्रत्यक्ष ठोठावून उत्तर मिळते का हे पाहतो. सिस्टिमडीतही सेवेने ठराविक काळाने ‘मी जागी आहे’ असे कळवावे, न कळविल्यास तिला नव्याने सुरू करावे, अशी सोय आहे.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले ‘पाथफाइंडर’ यान याच प्रश्नाशी झगडले. त्याची प्रणाली युनिक्स नव्हती, पण पहारा याच जातीचा होता. एक महत्त्वाचे काम वेळेत पुरे होत नसे, पहारेकरी ते ओळखी आणि सारा संगणक नव्याने सुरू करी. यान वाचे, मात्र त्या दिवसाचे उरलेले निरीक्षण बुडे. अखेर शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला. दुय्यम कामाने अडवून ठेवलेल्या सामाईक साधनासाठी महत्त्वाचे काम खोळंबत होते. ते हेरून त्यांनी दुरुस्ती मंगळावर धाडली. पुनरारंभाने वेळ मिळवून दिला. दोष मात्र नोंदी वाचणाऱ्या माणसांनी काढला.

आता आमच्याकडे क्रॉन मेल्यास उठतो. शिवाय रोज सकाळी दुसऱ्या डिस्कवर कालच्या तारखेची प्रत आहे का, याची तपासणी होऊन माझ्या फोनवर संदेश येतो. सारे ठीक असले तरीही येतो. केवळ बिघाडाचाच निरोप यावा असे ठरविले असते, तर निरोप्याच मेल्यावर ती शांतता आम्हांस कुशलच वाटली असती. संदेश आला नाही, की मी स्वतः उठून पाहतो.

त्या गृहस्थांना आम्ही जन्मतारखेचा उतारा दिला. मातृभाषेपुढे ‘मूळ कागद खराब’ असा शेरा लिहावा लागला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शुद्ध मराठीत आमचे आभार मानले.