‘पिशवी’, कोयता आणि अडाणीपणाचा आरोप

१/ बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते : ‘बायका अडाणी, त्यांनीच पिशवी काढून घेतली.’ हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही.

२/ २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशभर हेच प्रमाण ३.२ टक्के होते. वयोगट तंतोतंत जुळत नसले, तरी दरी उघड आहे. अडाणीपणा देशभर आहे. मग आकडा इथेच का फुगला?

३/ कारण कोयत्यात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल हंगामाआधीच घेतलेली. खाडा पडला की दंड. फडावर ना पुरेसे पाणी, ना आडोसा. अशा व्यवस्थेत पाळी हीच अडचण ठरते. त्यात ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातली, की संमती आपोआप मिळते.

४/ ‘दुसरा इलाज नव्हता’ हा बचावही टिकत नाही. अंगावरून पांढरे जाणे बहुधा जंतुसंसर्गाचे असते; त्याला औषध पुरते. गाठी तेवढ्या काढून गर्भाशय राखण्याचा आग्रह लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच धरला होता. अतिरक्तस्राव रोखणारी हार्मोनयुक्त तांबी १९९० मध्ये फिनलंडमध्ये आली. गाठींचा रक्तपुरवठा तोडून त्या सुकवण्याचा उपचार पॅरिसच्या झाक राविना यांनी १९९५ मध्ये मांडला.

५/ निरोगी अवयवावर सुरी चालवण्याचा मोहही जुनाच. १८७२ पासून अमेरिकेत रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या व ‘मनाच्या’ तक्रारींसाठी स्त्रियांची धडधाकट बीजकोशे काढली. ती शस्त्रक्रिया पुढे वैद्यकानेच टाकून दिली. त्या काळी अडाणी कोण होते, रुग्ण की शल्यविशारद?

६/ कर्करोगासारख्या आजारात गर्भाशय काढणे जीव वाचवते, हे निर्विवाद. पण एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना बजावावे लागले. दोष रुग्णांच्या अज्ञानाचाच असता, तर हा आदेश सरकारांना नव्हे, बायकांना दिला गेला असता.

७/ पर्याय माहीत असलेल्याने तो सांगितला नाही, आणि ज्यांच्या हंगामाला ते मौन सोयीचे होते त्यांनी ते मोडले नाही. इतिहासाने जाब विचारायचा तो यांना.