'द मेन्यू': टेबलाच्या कुठल्या बाजूला आपण?



मार्क मायलॉड यांचा 'द मेन्यू' (२०२२) हा थरारपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 'काय धुतलंय श्रीमंतांना!' अशीच प्रतिक्रिया बहुतेकांकडून ऐकू येते. मला एवढंच विचारायचं आहे, की यातले श्रीमंत म्हणजे नेमके कोण? (पुढे चित्रपटाचा शेवटही आला आहे. ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्यावा.)

कथा थोडक्यात अशी. एका खाजगी बेटावर 'हॉथॉर्न' नावाचं रेस्टॉरंट आहे. माणशी १२५० डॉलर. मुख्य शेफ स्लोविक (रेफ फाइन्स) याने ठरवलं आहे, की आज पाहुणे, कर्मचारी आणि तो स्वतः, कोणीच जिवंत राहायचं नाही. पाहुण्यांत एक नामांकित समीक्षक बाई आहेत, उतरणीला लागलेला नट आहे, बनावट बिलं करणारे तीन तरुण आहेत, आणि अकरा वेळा इथे जेवूनही मागच्या खेपेचा एक पदार्थ धड न आठवणारा धनाढ्य गृहस्थ आहे. यादीत नसलेली एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे पैसे घेऊन सोबतीला आलेली मार्गो (अन्या टेलर-जॉय).

दुसऱ्या कोर्सला पाव येतच नाही, नुसती तोंडीलावणी येतात. कारण पाव हे सामान्य माणसाचं अन्न, आणि पाहुणे तर सामान्य नाहीत! पोटापाण्याच्या प्रश्नाला 'भाकरीचा प्रश्न' म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला हा विनोद जास्तच बोचतो. ते तीन तरुण पावासाठी मालकाशी असलेली ओळख सांगतात, तरी पाव मिळत नाही.

पण मला सर्वात महत्त्वाचा वाटला तो एक छोटासा प्रसंग. नटाची सहायक मुलगी विचारते, की मी का मरायचं? शेफ विचारतो, कॉलेज कुठलं? ब्राउन. शिक्षणासाठी कर्ज होतं? नाही. मग क्षमस्व, मरावं लागेल. इथे आपण खळखळून हसतो. आता हाच प्रश्न त्याने आपल्याला विचारला तर? आपल्यातले कितीतरी जण आयआयटीत किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले. त्या शिक्षणाचा मोठा खर्च भारतातल्या करदात्यांनी उचलला, आणि त्यात काडेपेटीवरही कर भरणारी माणसं होती. कर्ज आपल्यालाही नव्हतं. स्लोविकच्या हिशेबात आपण कुठे बसतो, हे उघड आहे.

इथवर चित्रपट धारदार आहे. मात्र उत्तर शोधताना तो ढेपाळतो. एक उत्तर विनाशाचं. त्यात कर्मचारी 'येस, शेफ!' म्हणत मालकाच्या आणि शेफच्या पापांसाठी मरतात. पगार, कामाचे तास, संघटना यांबद्दल त्यांच्या तोंडी एक वाक्य नाही. वास्तवात या झगमगाटाचा पाया तिथेच असतो. कोपनहेगनच्या 'नोमा'ला पाच वेळा जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट ठरवलं गेलं, पण तिथल्या शिकाऊ मुलांना वेतन सुरू झालं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. पुढच्याच जानेवारीत, हा व्यवसाय आहे त्या रूपात चालवणं परवडणारं नाही, असं 'नोमा'च्या प्रमुखांनी जाहीर केलं.

दुसरं उत्तर साधेपणाचं. मार्गो साधा चीजबर्गर मागते. शेफला आपली उमेदीची वर्षं आठवतात, तो ९.९५ डॉलरचा बर्गर मनापासून करतो आणि ती सुटते. प्रसंग सुंदर आहे, पण बर्गर खरंच इतका निरागस आहे का? २०२० च्या साथीत इथल्या मांसप्रक्रिया कारखान्यांत हजारो कामगारांना कोविड झाला. त्यांत आपल्यासारखेच परदेशातून आलेले पुष्कळ होते. तरी ते कारखाने सुरू ठेवण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. महागड्या ताटातलं शोषण दाखवणारा चित्रपट स्वस्त ताटातलं शोषण विसरतो. चित्रपट काढणारी कंपनी डिस्नेच्या मालकीची आहे, तेव्हा नवल नाही.

मग आपण काय करायचं? हॉटेलात जाणं सोडा, असं मी म्हणणार नाही. पण वाढणाऱ्या माणसाकडे पाहायला तर शिकू या. टिपवर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेचं फेडरल किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच अडकलं आहे. टिप धरून नेहमीचं किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा, हा नियम आहे. पण तो मागायची ताकद नोकराकडे असावी लागते. 'द मेन्यू' आला त्याच महिन्यात वॉशिंग्टन डी.सी.च्या मतदारांनी हा दुजाभाव टप्प्याटप्प्याने संपवण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. २०२५ मध्ये तिथल्या कौन्सिलने तो बराच पातळ केला. त्यावर फारसा गाजावाजा झाला नाही.

चांगली टिप ठेवणं हे सौजन्य झालं, आणि ते पाळायलाच हवं. पण कुणाचं घरभाडं आपल्या मर्जीवर अवलंबून असणं, ही व्यवस्थाच चुकीची आहे. काही राज्यांनी ती मोडली आहे. आपल्या राज्यात नियम काय आहे, एवढं तरी प्रत्येकाने पाहावं. ज्यांना इथे मताधिकार आहे, त्यांनी पुढच्या वेळी दारी येणाऱ्या उमेदवाराला करांच्या दराबरोबर हाही दर विचारावा.