हातांतलें यंत्र आणि कपाटाची किल्ली

खेळांत रमलेला मुलगा दिसला कीं त्यास बोल लावावयाचा, ही आम्हां शिक्षकांची जुनी वहिवाट आहे. तो कोणत्या यंत्रावर खेळतो, याची विचारपूस मात्र आम्ही क्वचितच करितों. परदेशस्थ आप्तांनीं पाठविलेलें 'स्टीम डेक' हें यंत्र नाशकांतहि एखाद्या विद्यार्थ्याच्या हातीं दिसतें. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनें तें २०२२ च्या फेब्रुवारींत बाजारांत आणिलें. पडदा सात इंचांचा, वजन सुमारें ६७० ग्रॅम. दिसावयास खेळणें, वस्तुतः पुरा संगणक.

त्यास चालविणारी प्रणाली लिनक्सची आहे. १९९१ पासून जगांतील असंख्य लोकांनीं मिळून वाढविलेलें हें लिनक्स कोणासहि आंतून वाचतां व बदलतां येतें. खेळ मात्र बहुधा विंडोजसाठीं रचिलेले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं काढिलेल्या 'राजी' या खेळाची संगणकावरील आवृत्तिहि विंडोजचीच. असे खेळ लिनक्सवर चालावे कसे? 'प्रोटॉन' नांवाचा एक दुभाषा मध्यें उभा असतो. खेळानें विंडोजकडे कांहीं मागितलें कीं तो तीच मागणी लिनक्सच्या भाषेंत पुरी करून देतो. तो २०१८ सालीं निघाला खरा, पण त्याचा पाया 'वाइन' या प्रकल्पानें १९९३ पासूनच घालण्यास आरंभ केला होता. लबाडी पकडणारी यंत्रणा जोडलेले कित्येक ऑनलाइन खेळ तरीहि लिनक्सला दारांतूनच परत पाठवितात.

आमच्या मतें या यंत्राचें खरें मोल निराळेंच आहे. त्यांतील 'डेस्कटॉप' उघडून कीबोर्ड जोडिला, कीं मराठी निबंध लिहावा, पायथनचे पाठ गिरवावे, आंतील व्यवस्था उलथीपालथी करून पाहावी! सर्व बिघडलें तरी मूळ प्रणाली पुनः बसविण्याचें साधन कंपनीनेंच खुलें ठेविलें आहे. घरच्या एकुलत्या एक संगणकास हात लावण्याची ज्यास बंदी, त्या मुलास ही मुभा केवढी!

परीक्षेच्या दिवसांत यंत्र कपाटांत गेलें तर आमची हरकत नाहीं. परंतु तें विकूनच टाकूं म्हणणाऱ्या पालकांनीं प्रथम मुलास एवढें विचारावें: जो खेळ चालत नव्हता, तो तूं कसा चालविलास? प्रोटॉनची कोणती आवृत्ति बदलली, कोणती आज्ञा लिहिली, हें त्यानें सांगितलें तर तो अभ्यासच झाला. 'आपोआप चालला' इतकेंच उत्तर आलें, तर कपाटाची किल्ली खुशाल कंबरेस लावावी.