मोजणीचे व्रत

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉक माउंटन या डोंगरावर दर शरद ऋतूत काही माणसे दिवसभर खडकावर बसून आकाश न्याहाळत असतात. दक्षिणेकडे निघालेले गरुड आणि ससाणे मोजणे, एवढेच त्यांचे काम. डोंगरकड्याला आपटून वारा वर उसळतो आणि त्या उसळीवर हे पक्षी पंख फारसे न हलवता पुढे सरकतात. हा कडा म्हणजे त्यांचा राजमार्गच.

याच कड्यावर एके काळी बंदूकधाऱ्यांची झुंबड उडत असे. शिकारी पक्षी म्हणजे उपद्रव, अशी समजूत रूढ होती. १९३४ साली रोझली एज या महिलेने ती जागा भाडेपट्ट्याने घेतली, मॉरिस ब्राउन यांना रखवालीस नेमले आणि शिकार थांबविली. ब्राउन यांनी त्याच वर्षी मोजणी आरंभिली.

नुसत्या मोजणीने काय साधते, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ तीन दशके लागली. १९३५ ते १९३९ या काळात तेथून जाणाऱ्या बाल्ड ईगल गरुडांपैकी ४० टक्के पिले होती. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच पिलू दिसले. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात कीटकनाशकांविरुद्ध हीच आकडेवारी पुढे ठेवली. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घातली आणि पुढे गरुड सावरले.

आपल्याकडील गिधाडांची कथाही हेच सांगते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची नोंद केली होती. म्हणूनच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऱ्हास सप्रमाण सिद्ध करता आला. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यामागे असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. तोवर बहुसंख्य गिधाडे नष्ट झाली होती. अशा नोंदी देशभर, दरवर्षी होत असत्या, तर हा घंटानाद आधीच ऐकू आला असता.

सृष्टीला देवत्व देणारी परंपरा आपली आहे. गरुड हे विष्णूचे वाहन आणि जटायू हा रामकार्यात देह ठेवणारा. परंतु वंदन केले म्हणजे रक्षण होत नाही. सह्याद्रीतील एखादा कडा निवडून दरवर्षी त्याच आठवड्यांत, त्याच वेळी मोजणी करणे शाळा-महाविद्यालयांना अशक्य नाही. त्यासाठी हवी एक वही, एक दुर्बीण, जाणकाराचे मार्गदर्शन आणि सातत्य. ज्या दिवशी एकही पक्षी दिसणार नाही, त्या दिवशीचे शून्यही प्रामाणिकपणे लिहावे लागेल. फळ कदाचित पुढच्या पिढीच्या हाती पडेल; व्रत मात्र आजच घ्यावयास हवे.