दोष बॅटरीचा की जोडणीचा?

मृगाचा पाऊस पडून गेला, वाफसा आला आणि ट्रॅक्टर सुरूच होईना, ही अडचण गावोगाव परिचयाची आहे. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ हाच पहिला निष्कर्ष काढला जातो. मालक तालुक्याच्या गावी धाव घेतो, हजारो रुपये मोजून नवी बॅटरी आणतो, आणि पेरणीचा एक मोलाचा दिवस वाया जातो. वास्तविक पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते. दोष असतो तो तिच्या टोकांवर सैल बसलेल्या किंवा खार चढलेल्या क्लॅम्पचा. बॅटरी बदलण्यापूर्वी जोडणी तपासावी, हा नियम प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने पाळणे अगत्याचे आहे.

यामागील कारण समजण्यास कठीण नाही. दिव्यांना थोडा विद्युतप्रवाह पुरतो. परंतु डिझेल इंजिन फिरविणाऱ्या स्टार्टरला २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. एवढा प्रवाह वाहताना जोडणीत ओहमच्या केवळ शंभराव्या भागाइतका विरोध असला, तरी १२ व्होल्टपैकी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. म्हणूनच दिवे लख्ख लागतात, पण सेल्फ मारताच ‘टक्’ असा आवाज होऊन सर्व शांत होते. खराब जोडणी तापतेही. ही लक्षणे दिसताच प्रथम जोडणीकडे पाहावे. शिवाय अशा जोडणीमुळे बॅटरी पुरती चार्ज होत नाही, आणि अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी लवकर निकामी होते. म्हणजे दुर्लक्षामुळे चांगली बॅटरीही अखेर खरोखरच बिघडते.

क्लॅम्प हातोडीने ठोकून बसविणे, त्यात खिळ्याची पाचर मारणे, वर तारेचे वेटोळे आवळणे, हे उपाय सर्रास केले जातात. ते उपाय नव्हेत, अपाय होत. ठोकण्याने शिशाचे मऊ टोक आतून हलते, व पाचरीने क्लॅम्प सर्व बाजूंनी टेकत नाही.

योग्य पद्धत सोपी आहे. इंजिन बंद करावे, हातातील अंगठी व कडे काढावे, आणि विडी-काडी दूर ठेवावी. कारण बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. प्रथम ऋण तार सोडवावी, नंतर धन. आजच्या ट्रॅक्टरांत ऋण तार सांगाड्याला जोडलेली असते. ती आधी सुटली की पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीची झाकणे घट्ट असल्याची खात्री करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खार धुवावा. टोके व क्लॅम्पची आतील बाजू काचकागदाने घासून चकचकीत करावी. मग धन तार प्रथम व ऋण तार शेवटी जोडावी. धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड असते, हे ध्यानी ठेवावे. क्लॅम्प तळापर्यंत बसवून, हाताने फिरणार नाही इतपत पान्याने आवळावा. वरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. बॅटरी धरून ठेवणारी पट्टीही आवळावी; ती ढिली राहिल्यास शेतातील धक्क्यांनी आतील पट्ट्यांवरील लेप गळतो.

‘हे मिस्त्रीचे काम’ असे म्हणून अंग काढून घेणे योग्य नाही. ज्या हातांना नांगराचा फाळ बदलता येतो, त्यांना हे अर्ध्या तासाचे काम अवघड नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही आपली जबाबदारी केवळ बी-खतापुरती मानू नये. खरिपापूर्वी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक गावोगाव होते. त्याच बैठकीत एखाद्या ट्रॅक्टरची जोडणी सर्वांसमोर उघडून, स्वच्छ करून, पुन्हा बसवून दाखवावी. ट्रॅक्टर भाड्याने घेणाऱ्या लहान शेतकऱ्याची पेरणीही त्याच यंत्रावर अवलंबून असते. पाना, काचकागद आणि मूठभर सोडा एवढ्या साधनांनी जो वाफसा वाचू शकतो, तो आळसापायी दवडणे कोणत्याही गावाला परवडणारे नाही.