ज्वारी तिची, पट्टी कोणाच्या नावाची?



२०२३ हे साल साऱ्या जगात भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले. दिल्ली सरकारने त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्रीअन्न' असे भारदस्त नाव दिले. शहरांत मेळावे भरले, ज्वारीची बिस्किटे वाटली गेली. भाषणे झाली की ही पिके दुष्काळात तगतात, हवामान फिरले तरी हात देतात आणि खेड्यातल्या बाईला सबळ करतात. पहिल्या दोन गोष्टी आम्हाला कोणी शिकवायला नकोत. तिसरीबद्दल मात्र आम्हाला बोलायचे आहे. नाव बदलले म्हणून धान्याचा भाव वाढत नाही, आणि ज्वारी पिकवली म्हणून बाई सबळ होत नाही. तसे असते तर आमच्या आया-आज्या केव्हाच सबळ झाल्या असत्या. जन्मभर त्यांनी ज्वारीच पिकवली.

ज्वारीचा गुण आम्ही नाकारत नाही. पाऊस तीन-तीन आठवडे दडी मारतो तेव्हा कपाशी पाते-फुले गाळते. ज्वारी पाने गुंडाळून घेते, वाढ थांबवते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. जुन्या गावरान वाणांना आणखी एक शहाणपण होते. दिवस लहान होऊ लागले की ती निसवायची, आणि दाणा भरायच्या वेळी पाऊस ओसरलेला असायचा. १९६० नंतरच्या दशकात ठेंगणी, लवकर येणारी हायब्रीड ज्वारी आली. तिने पोटे भरली हे खरे. पण परतीच्या पावसात सापडली की कणीस काळे पडते आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. उंच गावरान ज्वारीचा कडबा जास्त, आणि पऱ्हाटीवर काही बैल जगत नाही. आता पावसाचा भरवसा राहिला नाही, म्हणून घरचे धान्य आणि जनावरांची वैरण देणारे एखादे पीक रानात असलेच पाहिजे.

हे शहाणपण कोणाच्या हातात होते? तिफण घरधन्याने हाकली असेल, पण मागे सरता धरून तुरीचा, मुगाचा दाणा बेताने सोडणारी बाईच होती. खळ्यावर टपोरी कणसे बाजूला काढणारी, बी राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून पुढच्या मृगापर्यंत जपणारी तीच. संकरित वाण आले, २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि बी घरातून निघून दुकानात गेले. नव्या वाणाला, नव्या तंत्राला आमचा विरोध नाही. काय पेरायचे ते शेतकऱ्याने ठरवावे, सरकारने नव्हे, हे आम्ही नेहमीच म्हणत आलो. पण तो निर्णय घरात झाला तेव्हा शेतकरीण कोठे होती? दुकानदाराने वाण सांगितला, उधारीच्या वहीत घरधन्याचे नाव लागले, आणि तिच्या वाट्याला आले निंदण आणि वेचणी.

ज्वारी आम्ही हौसेने सोडली नाही. खर्चाला भाव पुरेना, म्हणून सुटली. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, म्हणून सुटली. रोही आणि रानडुकरांनी रात्रीत उभे पीक लोळवले, म्हणून सुटली. कापणीला, कणसे खुडायला माणूस मिळेना, म्हणूनही सुटली. आणि हे राबणे बहुतेक बाईचेच होते. पेरा कमी झाला तेव्हा कित्येक बायांनी पाठ टेकून निःश्वास टाकला, हेही आम्ही पाहिले आहे. परंपरेकडे परत चला असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी एक दिवस उन्हात विळा घेऊन ज्वारी कापावी, मग बोलावे. भाव न देता पीक वाढवा म्हणणे म्हणजे तिच्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवणे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी हायब्रीड ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये, मालदांडीचा ३,७४९ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. ज्या तालुक्यात ज्वारीचे खरेदी केंद्रच उघडत नाही, तेथे या आकड्याचा उपयोग भिंतीवर लिहिण्यापुरता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही आहे. मग आमची ज्वारी आमच्याच जिल्ह्यात हमीभावाने घेऊन आमच्याच रेशन दुकानात का देत नाहीत? तेवढे झाले तर कोणाला सबळ करायच्या वेगळ्या योजना काढाव्या लागणार नाहीत.

हा झाला सरकारचा हिशेब. आता घरचा करू. केंद्र उघडले तरी नोंदणीला सातबारा लागतो. पीकपेऱ्याची नोंद, पीकविमा, सारे सातबाऱ्याला बांधलेले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या दर १०० वहितीदारांत बाया होत्या सुमारे १४. रानात पहाल तर निंदायला, वेचायला, कापायला त्याच पुढे. म्हणजे ज्वारी तिने राखली, कापली, उफणली, आणि काट्यावरची पट्टी फाटली नवऱ्याच्या नावाने. नवरा गेला तर वारसनोंदीसाठी तिने दारोदार फिरायचे. सरकारने ज्वारीवर लेव्ही लावली तेव्हा आम्ही बोंब मारली. घरातल्या बाईच्या श्रमावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लेव्ही लावत आलो, त्याची बोंब कोणी मारायची?

हे आम्ही पहिल्यांदा म्हणतो आहोत असे नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला. १९९१ साली सीताशेतीचा विचार मांडला गेला. आमच्या भागात कपाशीची पहिली वेचणी करताना बाया आजही सीतादही करतात. सीतेचे नाव घ्यायला आम्ही विसरलो नाही, सीतेचा वाटा मात्र विसरलो.

हे होण्यासारखे आहे. लातूर-धाराशिवकडे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यावर डाळी, धान्य, भाजीपाला अशी मिश्र पिके त्यांनी स्वतःच्या मर्जीने घेतली. २०१६ साली त्या कामाला राष्ट्रसंघाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. तेलंगणातल्या जहिराबादेकडे 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी'च्या दलित बायांनी गावोगावी गावरान बियाण्यांचे साठे उभे केले. त्यांना तेच पारितोषिक २०१९ साली मिळाले. पारितोषिक आम्हाला नको. पण कोरडवाहू रानातल्या बाया हे करू शकतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

एक, प्रत्येक कार्यकर्त्याने एक एकर घरच्या बाईच्या नावे करावा. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला शेतजमिनीचे बक्षीसपत्र करून दिले तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकी सेस आणि नोंदणीखर्च वेगळा. एका वेचणीच्या मजुरीचा हिशेब आठवा, मग हा खर्च जड वाटणार नाही.

दोन, त्या एकरात काय पेरायचे ते तिने ठरवावे. ज्वारी, तूर, मूग, तीळ, अंबाडी, नाहीतर कपाशीसुद्धा. माल तिच्या नावाने विकला जावा आणि पैसा तिच्या खात्यात जावा.

तीन, गावात गावरान बियाण्याची देवाणघेवाण सुरू करावी. २००१ च्या कायद्याने आपले बी राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे.

चार, तालुक्याला ज्वारीचे खरेदी केंद्र, रोही-डुकरांच्या नुकसानीची वेळेवर भरपाई, आणि कापणी-मळणीची बाईला पेलतील अशी यंत्रे, ही मागणी सरकारपुढे ठेवावी.

चौथ्या गोष्टीसाठी मोर्चा काढावा लागेल, तो आम्ही काढू. पहिल्या दोन गोष्टींसाठी कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या बैठकीला येताना घरच्या बाईला बरोबर आणा आणि सातबाऱ्याचा उताराही आणा. नावे तेथेच वाचू. ज्यांनी अजून काही केले नसेल त्यांनी का केले नाही ते तिच्यासमोर उभे राहून सांगावे.