जंतू मरतो, पण कसा?

प्रतिजैविकांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : औषध जंतूवर चालते काय, आणि त्याची किंमत किती? जंतू मेला की रोगी वाचला, हे त्यामागील गृहीत. गंभीर जंतुसंसर्गात मात्र ते अपुरे ठरते.

पेनिसिलिन काय किंवा सेफ्ट्रिॲक्सोन काय, ही औषधे जंतूची पेशीभित्तिका बांधली जाण्याच्या क्रियेतच विघ्न आणतात. जंतू फुटतो आणि भित्तिकेचे तुकडे व आतील विषद्रव्ये एकदम बाहेर पडतात. शरीराची संरक्षक यंत्रणा या अवशेषांवर तुटून पडते व दाह भडकतो. मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात, कवटीच्या बंदिस्त जागेत, ही सूज प्राणावर बेतू शकते. क्लिंडामायसिनची रीत निराळी. ते जंतूची प्रथिननिर्मिती रोखते, त्यामुळे विषाची निर्मितीही मंदावते. स्ट्रेप्टोकॉकसमुळे स्नायू कुजू लागले असता पेनिसिलिनच्या जोडीला ते दिले जाते, ते याचसाठी. अशा संसर्गात एकट्या पेनिसिलिनचे बळ किती तोकडे पडते, हे हॅरी ईगल यांनी १९५२ मध्येच उंदरांवरील प्रयोगांत दाखविले होते.

प्रतिजैविक बदलणे शक्य नसेल तेथे दाह आवरण्याचा मार्ग उरतो. मेंदूज्वराच्या ३०१ प्रौढ रोग्यांवरील युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी किंवा तिच्यासोबत डेक्सामेथासोन दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ७ टक्के, तर न दिलेल्यांत १५ टक्के होते. मलावीत २००७ साली हा लाभ आढळला नाही. तेथील बहुसंख्य रोगी एचआयव्हीबाधित होते. तेव्हा युरोपातील आकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाही. प्रत्येक तापात स्टिरॉइड टोचण्याची जी खोड आपल्याकडे बोकाळली आहे, तिला तर यातून मुळीच आधार मिळत नाही.

डेक्सामेथासोन जुने व स्वस्त आहे. त्याचे गुण गात दवाखान्यांचे उंबरे झिजविणारा विक्रेता नाही. महाग आहे ते निदान. २०१४ पासून लागू असलेल्या एच-१ अनुसूचीने तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक केले. विक्री कोणाला झाली हे त्या वहीतून कळते. निवड योग्य होती काय, हे कळत नाही. ते कळण्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात पाठीच्या कण्यातील पाण्याचा नमुना घेणारा डॉक्टर आणि तो तत्काळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तंत्रज्ञ रात्रीही हजर हवा. त्याचे वेतन औषधखरेदीच्या शीर्षाखाली बसत नाही. म्हणून अंदाजपत्रकात त्यासाठी निराळी तरतूद करावी लागेल.